कागदाच्या कपाटातला बल्ब

मृगाच्या पहिल्या सरी येऊन गेल्या की नारायण पेठेतल्या आमच्या छापखान्यात अण्णा एक काम न चुकता करायचे. कागदाच्या लाकडी कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, चाळीस वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवायचे. तो दिवसरात्र जळायचा, थेट दसऱ्यापर्यंत. आईला विजेच्या बिलाची काळजी. ती म्हणायची, "अहो, घरातले दिवे मालवत फिरता आणि कागदाला कशाला उजेड?" अण्णा म्हणायचे, "उजेड नाही गं, ऊब. माणूस भिजला तर पुसता येतो. कागद भिजला की वाढतो."

'वाढतो' हा शब्द ते शब्दशः वापरायचे. लग्नपत्रिका दोन रंगांत छापायची असली तर आज कुंकवाचा लाल आणि उद्या सोनेरी. रात्रीतून हवा दमट झाली की मोठा कागद अर्धा मिलिमीटर तरी पसरायचा. मग लाल गणपतीची सोनेरी कडा सोंडेपाशी नेमकी बसायची आणि पायाशी सरकलेली दिसायची. छापखान्याच्या भाषेत, रजिस्टर हललं. अख्खा गठ्ठा रद्दीत.

पुढे वीस वर्षांनी, पाषाणच्या एका प्रयोगशाळेत, जुलैच्या एका ओल्या सकाळी मला तो बल्ब आठवला. आम्ही प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर ट्रान्झिस्टर बनवत होतो. सिलिकॉनचे नव्हेत, कार्बनच्या लांब साखळ्यांचे. द्रावकात विरघळवून, शाईसारखे पसरून, वाळवून केलेले. मे महिन्यात ते झकास चालले. आम्ही सगळ्यांना आलेख दाखवत फिरत होतो. पाऊस सुरू झाला, हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली आणि एकेक नमुना मान टाकू लागला. ट्रान्झिस्टर हा विजेचा नळ असतो. सोडला की धार लागली पाहिजे, बंद केला की थेंब पडता कामा नये. आमचे नळ बंदच होईनात. हवेतला ऑक्सिजन त्या साखळ्यांमध्ये शिरून नको तेव्हा वीज वाहू देत होता आणि पाण्याचे रेणू वाहत्या विजेला खड्ड्यात पाडत होते. एका आठवड्यात तीन महिन्यांचं काम गेलं.

त्या दिवशी घरी येऊन मी अण्णांना हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कपाटात बल्ब नाही का तुमच्याकडे?"

होता, म्हणजे निराळ्या रूपात होता. त्याला ग्लोव्ह बॉक्स म्हणतात. काचेची मोठी पेटी, आत कोरडा नायट्रोजन, पुढच्या बाजूला खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे बसवलेले. त्या हातमोज्यांत हात घालून आतलं काम करायचं. आत पाण्याची वाफ दहा लाखांत एक भागाहूनही कमी. आमच्याकडे एकच पेटी आणि रांग लांब, म्हणून आम्ही अर्धं काम बाहेर उरकत होतो. तिथेच चुकलो. पण अण्णांच्या प्रश्नाने मला पहिल्यांदा जाणवलं की मी काही फार वेगळ्या धंद्यात गेलेले नाही.

मी 'सेंद्रिय इलेक्ट्रॉनिक्स'मध्ये काम करते असं घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईने विचारलं होतं, "सेंद्रिय म्हणजे गूळ असतो तसं?" प्रश्न रास्त होता. या शब्दाला आता खताचा आणि गुळाचाच वास चिकटला आहे. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनच्या सांगाड्यावर उभं राहिलेलं काहीही. साखर, रॉकेल, नायलॉन, आपली कातडी. आईला समजावताना मी हळदीचा डबा पुढे ओढला. हळद पिवळी का? तिच्यातल्या रेणूत कार्बनचे अणू एकमेकांना एकाआड एक धरून असतात: एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी, परत एकेरी. अशा रांगेत काही इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे राहत नाहीत, सगळ्या रांगेचे होतात. ते उजेडातला निळा भाग गिळतात, उरलेला पिवळा आपल्या डोळ्यांत येतो. हीच एकाआड एक रांग हजारो अणूंची लांब केली आणि मधले थोडे इलेक्ट्रॉन काढून घेतले, की मोकळ्या झालेल्या जागांमधून वीज वाहू लागते. एवढंच मूळ आहे. बाकी सगळा विस्तार.

हे मूळ सापडलं तेही मापाच्या चुकीमुळे. १९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एका पाहुण्या संशोधकाने पॉलिअॅसिटिलीन, म्हणजे अशाच एकाआड एक रांगेचं प्लास्टिक, बनवताना उत्प्रेरक हजारपट जास्त टाकला. काळी भुकटी व्हायची तिथे भांड्याच्या काठावर चांदीसारखी चकाकणारी पातळ साय धरली. शिराकावांनी ती फेकून दिली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ अॅलन मॅकडायार्मिड टोकियोला गेले असताना त्यांनी ती साय पाहिली आणि शिराकावांना आपल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बोलावून घेतलं. तिथे अॅलन हीगर यांच्यासोबत त्या सायीला आयोडीनची वाफ दिली आणि तिची वीज वाहून नेण्याची ताकद कोट्यवधी पटींनी वाढली. हे १९७७ सालचं. २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या शोधाआधी विजेच्या कामात प्लास्टिकचा मुख्य उपयोग एकच ठाऊक होता: तारेवर चढवायचं, म्हणजे शॉक बसत नाही.

मला त्या नोबेलपेक्षाही जास्त मोहात पाडलं ते एका बाटलीने. प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्ये पेडॉट-पीएसएस नावाच्या पदार्थाची बाटली असायची. नाव उच्चारायला नको वाटावं असं, पण रंग गर्द निळा. लहानपणी दौतीत ओतायचो त्या शाईचा. पाण्यात कालवलेलं, वीज वाहून नेणारं प्लास्टिक. जर्मनीत बायर कंपनीत १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते तयार झालं आणि त्याचं पहिलं मोठं काम अगदी साधं होतं. फोटोच्या फिल्मवर घर्षणाने वीज साठून ठिणगी पडू नये म्हणून त्याचा थर देत असत. पातळ पसरला तर थर जवळजवळ पारदर्शक दिसतो. मी ते पहिल्यांदा काचेवर पसरलं, तापवलं, मल्टिमीटरच्या सुया टेकवल्या आणि आकडा उमटला. शाईतून वीज गेली. छापखान्यात वाढलेल्या मुलीला त्या क्षणी काय वाटलं हे मला आजही नीट सांगता येत नाही.

या सगळ्याचं आश्वासन काय आहे, असं मला कोणी विचारलं तर मी घडी घालता येणाऱ्या फोनपासून सुरुवात करत नाही. मी तापमानापासून करते. सिलिकॉन वितळतं १४१४ अंशांना. त्याच्या चिपवर ज्या प्रक्रिया होतात त्यांतल्या काही हजार अंशांच्या आसपास चालतात. धुळीचा कण चालत नाही, कारखाना उभारायला हजारो कोटी लागतात, आणि म्हणून जगात असे कारखाने मोजके. कार्बनच्या शाया मात्र दीडशे अंशांच्या आत वाळतात. एवढी उष्णता पॉलिएस्टरची फिल्म सोसते, कागदही सोसतो. चांदीची गोष्ट तर आणखी नवलाची. चांदीचा गोळा वितळायला ९६२ अंश लागतात, पण तिचे अतिसूक्ष्म कण करून शाईत घोळवले तर दीडशेच्या आसपासच ते एकमेकांना चिकटतात आणि अखंड तार होते. तापमान उतरलं की भट्टी जाते. भट्टी गेली की उरतं ते स्क्रीन, रोलर, शाई आणि वाळवण. म्हणजे छापखाना.

सेंद्रिय पदार्थ सिलिकॉनशी वेगात बरोबरी करू शकत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. सिलिकॉनच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन रात्री दोनला जंगली महाराज रस्त्यावरून जावं तसा जातो. कार्बनच्या साखळ्यांत त्याला दिवाळीआधीच्या रविवारी लक्ष्मी रस्त्यावर सोडलेलं असतं. जागा मिळेल तशी एक उडी, मग थांबायचं, मग दुसरी. चांगल्या पदार्थांतही हा वेग स्फटिकातल्या सिलिकॉनच्या शेकडो पटींनी कमी पडतो. त्यामुळे या शाईने कोणी लॅपटॉपचा मेंदू छापणार नाही. पण दुधाच्या पिशवीने आपण किती वेळ उन्हात होतो हे सांगावं, जखमेवरच्या पट्टीने आत पू होतोय हे सांगावं, यासाठी तेवढ्या वेगाची गरजच काय?

आणि शाईचे प्रश्न हे शाईचेच असतात. आमच्या प्रयोगशाळेत एक सहकारी सहा महिने एकाच गोष्टीशी झगडत होता. इंकजेटने छापलेली रेघ वाळली की मध्ये पातळ आणि दोन्ही कडांना जाड व्हायची. संगमरवरी ओट्यावर चहाचा थेंब वाळला की कडेला गडद कडं उरतं, तसं. कारण तेच: कडेचं पाणी लवकर उडतं, ती तूट भरायला मधला द्रव कडेकडे धावतो आणि सोबत कण घेऊन जातो. उपाय असा की लवकर उडणाऱ्या द्रावकात उशिरा उडणारं थोडं दुसरं मिसळायचं, म्हणजे प्रवाह उलटा फिरतो. मी अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग आम्ही रिटार्डर कशाला घालायचो?" स्क्रीन म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळी; रबराच्या पट्टीने ओढून तिच्यातून शाई खाली उतरवतात. उन्हाळ्यात त्या जाळीतच शाई सुकू नये म्हणून ते डब्यात दोन चमचे रिटार्डर घालायचे. किती घालायचं ते मोजत नसत. पात्याने शाई उचलायची आणि खाली सोडायची. एकतारी पाकासारखी तार धरली की बस. आमच्याकडे यासाठी लाखो रुपयांचं यंत्र होतं. ते शाई दोन चकत्यांमध्ये फिरवून आलेख काढायचं: हलवली की पातळ, थांबवली की घट्ट. श्रीखंडासारखी. जाळीतून उतरताना पातळ हवी आणि कागदावर पडल्या पडल्या जागच्या जागी थांबायला हवी.

या क्षेत्रात निराशाही पुष्कळ आल्या आणि त्या लपवून काही साधत नाही. १९८७ साली कोडॅकमध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांचा प्रकाश देणारा दिवा केला. १९९० साली केंब्रिजहून प्लास्टिकच्या साखळ्यांचा दिवा जाहीर झाला. लोकांना वाटलं, आता दहा वर्षांत भिंतीच उजळणार. हीगर यांनी स्वतः सहसंस्थापक म्हणून उभी केलेली कोनार्का ही कंपनी गुंडाळता येणाऱ्या सौरपट्ट्या छापायला निघाली आणि २०१२ साली दिवाळखोरीत गेली. केंब्रिजच्या प्लास्टिक लॉजिक कंपनीने प्लास्टिकच्या ट्रान्झिस्टरांवर चालणारा वाचनाचा पडदा २०१० साली जगापुढे मांडला आणि त्याच वर्षी रद्द केला. आज महागड्या फोनांत जे सेंद्रिय पडदे आहेत ते बहुतेक छापलेले नाहीत. निर्वात पेटीत पदार्थाची वाफ करून, बारीक भोकांच्या धातूच्या पत्र्यातून तिचा थर बसवलेला असतो. म्हणजे सेंद्रिय जिंकलं, पण छपाई मागे राहिली.

का राहिली? एक मोठं कारण तोच आमचा जुलै महिना. प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय थराला पाण्यापासून इतकं जपावं लागतं की त्यावरच्या आवरणातून चौरस मीटरमागे दिवसाला ग्रॅमचा दहा लाखावा हिस्सा वाफच आत जाऊ शकते. याचा हिशेब मी एकदा अण्णांच्या वहीत मांडला. चौरस मीटरच्या आवरणातून एक ग्रॅम पाणी आत यायला २७०० वर्षं. वेफर्सचं चकाकतं पाकीट त्यापुढे जाळीच म्हणायचं. ते निदान लाखपटीने जास्त वाफ आत सोडतं. काचेला हे सहज जमतं. वाकणाऱ्या फिल्मला जमवायचं तर एकावर एक किती तरी थर द्यावे लागतात, आणि मग स्वस्त छपाईचा सगळा नफा त्या रेनकोटातच जातो.

मी प्रयोगशाळा सोडली ती या निराशेमुळे नाही. घरची कारणं होती. छापखाना त्याआधीच बंद झाला होता, वाडा पाडून इमारत उभी राहिली होती. कागदाचं कपाट आमच्या कोथरूडच्या घरात गॅलरीत आलं. आता शिकवते, आणि या विषयात काय चाललंय ते वाचत असते.

चार वर्षांपूर्वी अण्णांना साखर निघाली. रोज सकाळी बोट टोचून पट्टीवर थेंब घ्यायचा. आठवडाभर त्यांनी ते निमूट केलं. मग एका सकाळी बघते तर स्वयंपाकघराच्या खिडकीशी, न वापरलेली पट्टी आणि छापखान्यातलं जुनं भिंग घेऊन बसलेले. मला हाक मारली. "इकडे ये. ही रेघ बघ. कडेला दाते दिसतात का?" भिंगातून दिसत होते, करवतीसारखे, अगदी बारीक. "ही जाळीची खूण आहे. हे स्क्रीनचं काम आहे. छान केलंय, पण पोर रबर दाबून ओढतंय."

मी वाचलेलं होतं. या पट्ट्यांपैकी बऱ्याच पॉलिएस्टरवर कार्बनच्या शाईने स्क्रीन छपाई करून बनतात, वर साखरेशी अभिक्रिया करणारं विकर (एन्झाइम) बसवलेलं असतं, आणि थेंबातून सुटलेले इलेक्ट्रॉन त्या रेघांवरून यंत्रात जातात. घरी वापरायचं असं पहिलं विद्युत-रासायनिक यंत्र १९८७ साली बाजारात आलं, पेनाच्या आकाराचं. मला हे सगळं माहीत होतं आणि मी आठवडाभर त्यांना पट्टी हातात देत होते. त्यांनी मात्र नुसतं भिंग लावून ओळखलं. छापील इलेक्ट्रॉनिक्स कधी येणार अशा चर्चा मी इतकी वर्षं ऐकल्या, आणि ते रोज सकाळी आमच्या ओट्यावर होतं. सौर पॅनेलवरच्या चांदीच्या बारीक रेघा स्क्रीननेच छापतात. वॉशिंग मशिनच्या बटणांखालचा सपाट कीपॅडही तसाच.

"आपण करून बघू का?" हे त्यांनीच विचारलं.

भोसरीत कीपॅड छापणाऱ्या एका परिचितांनी कार्बनच्या पेस्टची छोटी डबी दिली. अप्पा बळवंत चौकातून ओएचपीच्या पारदर्शक शीट आणल्या, तपकीर गल्लीतून लाल एलईडी आणि नऊ व्होल्टची बॅटरी. माळ्यावरून स्क्रीनची फ्रेम काढली. जाळी नवी ताणून घेतली. अण्णांनी दहा सेंटिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर रुंद रेघेची पॉझिटिव्ह, म्हणजे जाळीवर उतरवायची मूळ आकृती, स्वतः काढली. वय ७८, हात जरा थरथरतो, पण रबराची मूठ हातात आली की थरथर कुठे जाते ते मला कळलेलं नाही. फ्रेम आणि शीट यांच्यात नाण्याच्या जाडीएवढं अंतर. एक हात ओढला. केस वाळवायच्या ड्रायरने रेघ वाळवली. दोन टोकांना तारा लावल्या.

दिवा लागला नाही.

मी मल्टिमीटर शोधत होते तोवर अण्णांनी शीट खिडकीकडे धरली. रेघेच्या मधोमध केसाएवढी पांढरी फट. "जाळीत धूळ होती," म्हणाले. जाळी पुसली, रजिस्टर पुन्हा जुळवलं आणि दुसरा हात मारला. वाळवलं. या वेळी लाल दिवा लागला. मंद, पण नक्की. मल्टिमीटरवर हजार ओहमच्या आसपास आकडा. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आयुष्यभर छापलं, पण छापलेलं असं पेटलं नव्हतं कधी."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला कुठल्याच पुस्तकात आधी भेटायला हवं होतं. शीट पेन्सिलीभोवती गुंडाळली. दिवा जरा मंदावला. पत्रिकेची घडी पाडतात तशी नखाने कडक घडी घातली. दिवा गेला. मी म्हटलं, "तडा गेला." ते म्हणाले, "जाणारच. रेघ बाहेरच्या अंगाला आहे. पुठ्ठा वाकवला की बाहेरचं अंग ताणतं, आतलं चुरगळतं. मधल्या कागदाला काही होत नाही. रेघ मधे घाल." खाली उतरून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी नवी छापलेली शीट वरून तेवढ्याच जाडीची दुसरी फिल्म देऊन लॅमिनेट करून आणली. आता रेघ बरोबर मधोमध. पेन्सिलीभोवती गुंडाळली. मल्टिमीटरवरचा आकडा जवळजवळ हललाच नाही.

लवचिक इलेक्ट्रॉनिक्सवाले याला उदासीन प्रतल म्हणतात आणि त्यासाठी थरांच्या जाड्या गणिताने बसवतात. गणित तसं सोपं आहे. ताण म्हणजे जाडी भागिले वाकाच्या त्रिज्येच्या दुप्पट. शंभर मायक्रोमीटरची फिल्म पाच मिलिमीटर त्रिज्येत वाकवली तर पृष्ठभागावर एक टक्का ताण येतो, आणि पुष्कळशा पदार्थांना तेवढा पुरतो तुटायला. फिल्मच पातळ केली तर ताणही उतरतो. टोकियोच्या ताकाओ सोमेया यांच्या गटाने २०१३ साली एक मायक्रोमीटरच्या किंचित वर जाडीच्या फिल्मवर सेंद्रिय सर्किट करून दाखवलं. चौरस मीटरचं वजन तीन ग्रॅम. चुरगळून मूठ वळली तरी चालतं, कातडीवर ठेवलं तर कळतही नाही. माझ्या वडिलांना जे बांधणीतल्या पुठ्ठ्याने शिकवलं तेच तिथे कामी आलं, यात मला मोठा आनंद आहे आणि तो मी लपवत नाही.

अलीकडे या विषयात एक वळण आलंय ज्याचा मी सतत विचार करते. इतकी वर्षं आम्ही पाण्याला शत्रू मानलं. पण शरीर आतून ओलंच आहे. मज्जातंतू तारेसारखे इलेक्ट्रॉन पाठवत नाहीत. सोडियम-पोटॅशियमचे आयन पाण्यातून आत-बाहेर होतात, तोच त्यांचा निरोप. सिलिकॉन कोरडं आणि कडक, त्याच्या आत आयन शिरत नाहीत. ती गर्द निळी शाई मात्र पाणी पिऊन फुगते, आयनांना आत घेते आणि त्यांच्या येण्या-जाण्याने तिच्यातली वीज कमी-जास्त होते. म्हणजे शरीराची बोली थेट समजते. २०१३ साली फ्रान्समध्ये जॉर्ज मॅलियारस यांच्या गटाने अशा शाईचे ट्रान्झिस्टर उंदराच्या मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवून तिथले संकेत टिपले. जे फुगणं माझ्या नमुन्यांच्या मुळावर आलं असतं, त्यावरच इथे सगळा खेळ उभा आहे. अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघ, कागद वाढतो म्हणून आपण रडलो."

मला या शहराबद्दल एक वाटतं. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० सालापासून आहे, आणि पॉलिमरचं, म्हणजे अशा लांब साखळ्यांचं, काम ती जाणते. तिथून जवळच सी-मेट आहे, जिथे इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या पेस्ट आणि शाया बनवण्याचं संशोधन होतं. पुणे विद्यार्थी गृहाने इथे मुद्रणाचं शिक्षण रुजवलं. भोसरी-चिंचवडला फिल्मवर छापणारे लोक आहेत, आणि पेठांमधून अजून असे हात आहेत ज्यांना शाईची तार बघून सगळं कळतं. यांतले किती जण एकमेकांना भेटले असतील? मी प्रयोगशाळेत असताना आमच्यात छपाई केलेला एकही माणूस नव्हता. रेघ का तुटते यावर आम्ही बैठका घेतल्या, आणि पाच किलोमीटरवर नारायण पेठेत त्याचं उत्तर माहीत असलेली माणसं दुपारी चहा पीत बसलेली. ही चूक माझीही आहे. मी तर रोज रात्री त्यातल्याच एकाशेजारी जेवायला बसत होते.

एक धास्तीही आहे. स्वस्त छापलेलं फेकायला सोपं जातं. अण्णांच्या पट्ट्या साठवत गेलं तर बरणी भरते. कार्बन, विकर, पॉलिएस्टर, सगळं कचऱ्यात. उद्या दुधाच्या पिशवीवर आणि औषधाच्या पाकिटावर चांदीच्या रेघा आल्या तर ती चांदी परत कोण गोळा करणार? यावर आत्ताच काम व्हायला हवं: कागदावर छापणं, चांदीऐवजी कार्बन वापरणं, सुटं होईल असं चिकटवणं. हे काम काही गट करत आहेत आणि त्याला नोबेल नसलं तरी मला ते सर्वांत मोलाचं वाटतं.

लॅमिनेट केलेली ती पट्टी अण्णांनी कागदाच्या कपाटात ठेवली आहे. कपाटात आता कागद नाही, जुन्या पत्रिकांचे नमुने आहेत. पावसाळ्यात बल्ब अजून लागतो. एलईडीचे दिवे ऊब देत नाहीत म्हणून त्यांनी दुकानं पालथी घालून तारेचे पिवळे बल्ब जमवले होते, त्यांतले दोन उरले आहेत.

खंडेनवमीला आमच्याकडे छापखाना बंद झाल्यावरही रबराची आणि फ्रेमची पूजा होते. गेली तीन वर्षं त्यांच्याशेजारी ती पट्टीही मांडली जाते. हळद-कुंकू वाहून झालं की अण्णा तारा टेकवतात, दिवा लागतो, आणि मग मला मल्टिमीटर आणायला सांगतात. पहिल्या वर्षी १०४०. दुसऱ्या वर्षी १०९०. यंदा पाऊस लांबला होता. मी आकडा वाचला, ११६०. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, आईला चष्मा मागितला आणि पट्टीला जोडलेल्या पत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर, आधीच्या दोन आकड्यांखाली तो लिहून तारीख घातली. "वाढतोय," म्हणाले. "कडेने ओल शिरतेय. झेरॉक्सवाल्याने कड आखूड सोडली. पुढच्या खेपेला दोन बोटं जास्त ठेवू."